किलोचा भाव

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात टेबलाच्या कडेला एक छोटा काटा असतो. नमुना म्हणून आलेला कुठलाही तुकडा आधी त्याच्यावर ठेवायचा, वजन वहीत लिहायचं आणि मगच पार्टीशी बोलायला तोंड उघडायचं, ही वडिलांच्या वेळेपासूनची रीत. परवा खेळण्यातल्या गाड्या जमवणारा माझा भाचा कॉलेजातून परस्पर आला आणि सॅकमधून एक गाडी काढून माझ्यासमोर ठेवली. निळी, बोटभर लांब, रबरी टायरची. ६०० रुपये, म्हणाला. मी कोटेशन करत होते. मान वर न करता सवयीनं गाडी काट्यावर ठेवली. ४२ ग्रॅम. कॅल्क्युलेटर समोर उघडाच होता, बोटं आपोआप चालली. किलोला १४,२८५ रुपये. "आत्ती, तू एक दिवस अंबाबाईला बी काट्यावर घालशील," असं म्हणून त्यानं गाडी उचलली, शर्टाला पुसली आणि पुन्हा डबीत ठेवून दिली.

तो गेला, आकडा राहिला. खेळणी फार महाग झालीत असं हल्ली जो तो म्हणतो, त्याचा पुरावाच जणू. त्याच दिवशी सकाळी एका पार्टीनं किलोमागं दोन रुपये कमी करा म्हणून माझं डोकं खाल्लं होतं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग, मशिनिंग करून, गंज धरू नये म्हणून तेल लावून, पोत्यात भरून त्यांच्या दारात नेऊन टाकायचं. शंभर-सव्वाशे रुपये किलोचा माल. त्यात दोन रुपये. फाउंड्रीवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला जगातली प्रत्येक धातूची वस्तू किलोत दिसते, हा दोष नसून संस्कार आहे असं मी मानते. त्यामुळे १४,२८५ हा आकडा मला कुसळासारखा टोचत राहिला. राग येत होता का? थोडासा. पण रागाखाली हेवाच जास्त होता. असल्या गाड्या विकणाऱ्यांना कुणी "किलोमागं दोन कमी करा" म्हणत नाही. उलट पोरं दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसतात.

वडील पॅटर्नमेकर. पंपाची बॉडी असो, ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील असो, बिडात ओतायची कुठलीही वस्तू आधी त्यांच्या हातून सागवानात जन्माला यायची. बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक, म्हणून त्यांची मोजपट्टीच मुळात थोडी लांब होती. लहानपणी त्या पट्टीनं मी वहीत समास आखायची आणि शाळेत माझे समास सगळ्यांपेक्षा मोठे निघायचे. दुकानात सागवानाच्या भुशाचा, शेलॅकचा आणि चहाचा मिळून एक वास असायचा. आणि एक भांडण असायचं, कायमचं: पॅटर्नच्या पैशाचं. पार्टीला कास्टिंगचा दर मान्य, पॅटर्नचा नाही. "ते लाकूड मी घरी नेऊन काय करू मेस्त्री? मला माल पाहिजे." वडील रंधा न थांबवता म्हणायचे, "माल त्याच्यातनंच निघतोय न्हवं." मग अर्धे आत्ता, अर्धे नंतर. त्या नंतरच्या अर्ध्यांपैकी किती आले, ते आईला विचारायला हवं होतं.

पुढं भावानं डायचं, म्हणजे धातू ओतायच्या पोलादी साच्यांचं, काम सुरू केलं. लाकूड जाऊन पोलाद आलं, रंधा जाऊन व्हीएमसी, स्पार्क आणि वायरकट ही पोलाद कोरायची यंत्रं आली, भांडण तेच राहिलं. म्हणून त्या निळ्या गाडीकडे मी भाच्याच्या नजरेनं बघूच शकत नाही. उलटी करून मी आधी पार्टिंग लाइन शोधते, म्हणजे डायचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, मग माल डायबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे, मग धातू आत शिरायची वाट, म्हणजे गेट, कुठं तोडलाय ते. असल्या गाड्यांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. झामॅक म्हणतात त्याला. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, वर किंचित मॅग्नेशियम आणि गरजेनुसार तांबं. शिरोलीच्या आमच्या भट्टीत बीड तेराशे-चौदाशे अंशांवर ओततात, शेजारी उभं राहिलं तर भुवया करपतील. हे मात्र चारशेच्या आतच वितळतं आणि पाण्यागत पातळ होतं. म्हणून तर डायमधल्या केसाएवढ्या रेघेतसुद्धा शिरतं. दाराची फट, ग्रिलच्या जाळीचा एकेक चौकोन, बॉनेटवरची कंपनीची खूण, सगळं उमटतं. त्यावर डायही उदंड टिकते. ॲल्युमिनियम डायला खातं, जस्त तिला सांभाळून घेतं, लाखोंनी शॉट, म्हणजे ओतणी, निघतात. म्हणजे ४२ ग्रॅमांत धातूची किंमत काढायची तर चहाच्या कपाएवढीही होत नाही. त्यातही थोडं प्लास्टिक, थोडं रबर.

एक गोष्ट मात्र ह्या धातूत जपावी लागते. जस्त अगदी शुद्ध लागतं. त्यात शिशाचा अंश गेला की बाहेरून काही दिसत नाही, पण वर्षानुवर्षं आतून तडे जात राहतात आणि एक दिवस गाडी कपाटात ठेवल्या ठेवल्या फुगते, चिरते, हातात घेतली की भुगा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कितीतरी जुन्या खेळण्यांची अशी माती झाली आहे. भंगार वितळवून स्वस्तात माल काढणाऱ्यांना हा रोग माहीत असतो, तो दिसायला कितीतरी वर्षं लागतात हेही माहीत असतं. शंभर रुपयांचं खेळणं एवढं जगावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. जमवणाऱ्याची असते, आणि ती अपेक्षा आली की जस्तसुद्धा वेगळ्या भावाचं घ्यावं लागतं.

आगपेटीत मावतील एवढ्या गाड्या बनवणाऱ्या इंग्लंडच्या लेस्नी कंपनीतला जॅक ओडेल हा मूळचा डाय-कास्टिंगवाला. शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायला परवानगी होती, म्हणून त्यानं मुलीसाठी पितळेचा चिमुकला रोडरोलर घडवला. त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. त्याच वर्षी राणीच्या राज्याभिषेकाच्या रथाची छोटी प्रतिकृती दहा लाखांवर खपली आणि कंपनीचं बस्तान बसलं. एका डायवर दहा लाख! हा आकडा ऐकून आमच्या भावानं हातातला व्हर्नियर खाली ठेवला होता. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेलनं हॉट व्हील्स काढल्या, त्यांचंही गणित तेच. ती साधी गाडी तिकडे कितीतरी वर्षं एका डॉलरच्या आसपासच विकली गेली. महागाई कुठल्या कुठं गेली आणि ही डॉलरला चिकटून राहिली. कारण आजवर आठशे कोटींच्या वर गाड्या त्यांनी ओतल्यात, कारखाने मलेशिया-थायलंडला नेलेत, आणि जमेल तिथं धातू कमी केलाय. जुनी गाडी उलटी करा, तळ धातूचा लागतो. आजच्या साध्या गाडीचा तळ बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो. ज्याला धातूचा तळ आणि रबरी टायर हवे असतील त्यानं वेगळी, महागडी गाडी घ्यायची. भाच्याची निळी त्यातलीच.

म्हणजे लोक म्हणतात तसं खेळणं सरसकट महाग झालेलं नाही. पोरानं वाळूत पुरायची गाडी स्वस्तच ठेवायची धडपड चालू आहे. महाग झालंय ते मोठ्यांचं.

आमच्या गल्लीत दिवाळीच्या किल्ल्याचं वेड होतं. अजून आहे. परीक्षा संपली की दगड, पोती, पंचगंगेकाठची तांबूस माती, अळिवाची पेरणी. मावळे आणायला पापाच्या तिकटीकडून कुंभार गल्लीत जायचं. गेल्या वर्षीचे मावळे जुन्या 'पुढारी'त गुंडाळून ट्रंकेत ठेवलेले असत. त्यातले किती लंगडे झाले ते बघून नवीन किती घ्यायचे ठरायचं. आज ज्याला कलेक्शन म्हणतात ते आमच्याकडे हे एवढंच होतं, आणि ते चार घरांचं मिळून असायचं. कुंभाराच्या घरातली आज्जी दोन अर्ध्या साच्यांत माती थापायची, साचे एकमेकांवर दाबायची, उघडायची, की मावळा बाहेर. कडेला मातीची पातळ झालर राहिलेली असे, ती ओल्या बोटानं पुसायची. त्या झालरीला आमच्या धंद्यात फ्लॅश म्हणतात आणि ती घासायला आम्ही माणूस लावतो. साचा झिजत जायचा. दिवाळी तोंडावर आली की निघणाऱ्या मावळ्यांना नाक नसायचं. मिशी आणि ओठ एक झालेले, डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा, त्यावर काळ्या रंगाचा ठिपका. मी एकदा कुरकुर केली तेव्हा आज्जी म्हणाली, "नाक पायजे आसंल तर नवरात्रात यायचं. तवा साचा ताजा आसतोय." पहिल्या लॉटचा माल सुबक असतो आणि त्याला लवकर येणारा गिऱ्हाईक मिळतो, हे बाजाराचं ज्ञान मला त्या ओट्यावर मिळालं. बिननाकाच्या मावळ्यांनी किल्ला राखण्यात काही कसूर केली नाही, ते वेगळं.

आता दिवाळीत त्याच भागातून जाताना बघते. साच्यातले साधे मावळे अजून मिळतात. पण मांडणीच्या पुढच्या ओळीत जे ठेवलेलं असतं ते वेगळंच: घोड्यावरचे महाराज, अंगरख्याच्या चुण्या मोजून घ्याव्यात अशा, तलवारीची मूठ वेगळी बसवलेली, शेल्याला सोनेरी काठ. भाव ऐकला तर दोन पावलं मागं सरकावं. आणि घासाघीस न करता घेणारे असतात वडील लोक. पोरगं बाजूला चिरमुरे खात उभं. "पगडी बरोबर नाही हो ही, त्या काळात अशी नव्हती," असं बाप कुंभाराला सांगत असतो. तो कुंभारही बिचारा पुढच्या वर्षी पगडी सुधारून आणतो, आणि सुधारलेल्या पगडीचे पैसे लावतो. का लावू नयेत?

माझ्या मते सगळा मामला इथंच आहे. बारकावा पोरांनी कधी मागितला नव्हता. पोराला चाकं फिरली की पुरे; आरसा नसला तर तो आरसा आहे असं धरून चालतो. बारकावा आपण मागितला, आपल्या हातात पैसे आल्यावर. आणि बारकावा फुकट येत नाही, प्रत्येक बारकाव्यामागे एक वेगळं काम उभं असतं. त्या निळ्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे मी भिंगातून बघितलं. तीन मिलिमीटरच्या जागेत लाल, त्यात नारिंगी, त्यात पांढरा ठिपका, बाजूनं चंदेरी रेघ. हे छापतात मऊ सिलिकॉनच्या गोळ्यानं. कोरलेल्या पट्टीत रंग भरायचा, गोळा त्यावर टेकवायचा, उचलायचा, गाडीवर टेकवायचा. गंधाची मुद्रा कपाळावर उठावी तसा रंग उठतो. पण एका टेकण्याला एकच रंग. चार रंग म्हणजे चार पट्ट्या, चार वेळा टेकणं, आणि दर वेळी गाडी केसाचाही फरक न होता त्याच जागी बसली पाहिजे. एक रंग सरकला की गाडी रिजेक्ट. साध्या गाडीला मागचे दिवे बहुतेकदा नुसते ओतलेले असतात, रंगवलेलेच नसतात. तेवढ्या एका दिव्यात पैसा कुठं गेला ते मला उघड दिसलं आणि खरं सांगते, राग उतरला. उघडणारं दार असेल तर दाराची डाय वेगळी, बिजागरी वेगळी, बसवणारा हात वेगळा. तो हात पूर्वी चीनमध्ये स्वस्त होता. तिथली मजुरी चढत गेली, कोविडनंतर जहाजाचं भाडं भडकलं, पुठ्ठा महागला. हे सगळं आम्हीही भोगलंय, नुसतं आमच्या पोत्यावर चमकदार कार्ड नसतं एवढंच.

गेल्या गळीत हंगामाच्या सुरुवातीला कागल बाजूचा एक पोरगा ऑफिसात आला. पंचविशीचा असेल. वडील ऊस ओढायचा ट्रॅक्टर चालवतात. त्यानं मोबाइल पुढं केला. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बॉनेटवर गोंडे, मडगार्डवर डेक, ट्रॉलीच्या मागच्या फळकुटावर रंगवलेलं 'नाद करायचा न्हाय'. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर जो प्रकार आपल्याला ओव्हरटेक करू देत नाही, तो. त्याला हे ६४ पट लहान करून हवं होतं, जस्तात ओतून. "सगळ्या जगाच्या गाड्या मिळत्यात मॅडम, आपलाच ट्रॅक्टर न्हाई." पाचशे सेट काढू म्हणाला, जमवणारी पोरं घेतील, बाहेरच्या देशात गेलेली आपली पोरं तर दुप्पट भावानं घेतील.

मला हा माणूस फार आवडला. म्हणून मी त्याला खरं कोटेशन दिलं. ट्रॅक्टरच्या बॉडीची डाय, चासीची डाय, ट्रॉलीची डाय, चाकांचे प्लास्टिकचे मोल्ड, तेही पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं. भाऊ हिशेब करत गेला, मी लिहीत गेले, एकूण १२ लाखांवर रेघ ओढली. "हे नुसत्या डायचे," मी म्हटलं. पाचशे सेटवर वाटले तर एका सेटवर २४०० रुपये बसतात, अजून धातू नाही, रंग नाही, डबी नाही. पाच हजार काढले तर २४०. पन्नास हजार काढले तर २४ रुपये. तो कागदाकडे बघत राहिला. मी पॅटर्नमेकरची मुलगी, तो कागद मी आयुष्यभर पार्ट्यांना दाखवत आलेय, पण एवढ्या शांतपणे तो कुणी वाचलेला मला आठवत नाही. मग त्यानं विचारलं, "म्हंजे ती ६०० ची गाडी स्वस्तच हाय की वो?" हो, मी म्हटलं, एका अर्थी स्वस्तच.

त्यावर आणखी एक फाटा निघाला. ट्रॅक्टर त्याला हुबेहूब अमुक कंपनीचाच हवा होता, नावासकट. पण नाव आणि आकार दोन्ही कंपनीच्या मालकीचे. वापरायचे तर परवानगी, करार, नमुना मंजूर करून घेणं आणि प्रत्येक नगामागे रॉयल्टी. मोठ्या खेळणी कंपन्या गाड्यांच्या कंपन्यांना हेच देत असतात आणि तेही शेवटी आपल्याच ६०० रुपयांतून जातं. एके काळी आपली गाडी पोरांच्या हातात दिसतेय ह्याचंच मोटर कंपन्यांना अप्रूप होतं; आता त्यांच्याकडे त्यासाठी वेगळं खातं आहे. शेवटी आम्ही बिननावाचा ट्रॅक्टर ठरवला. बॉनेटचा रंग बघून ज्याला कळायचं त्याला कळेल.

ह्या किमतीच्या हिशेबात सरकारही उभं असतं. २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. रस्त्यावरची रंग सुटणारी खेळणी तोंडात घालणाऱ्या पोरांची आई म्हणून मला ते पटतं आणि टेस्टिंगची बिलं भरणाऱ्या कारखानदाराची बहीण म्हणून घाम फुटतो. देशी कारखाने उभे राहावेत हा हेतू, आणि काही उभे राहिलेही. पण जमवणाऱ्याला पर्याय चालत नाही, त्याला तीच गाडी हवी असते. त्यामुळे ड्यूटी तो मुकाट्यानं भरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या, बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. भाच्याला विचारलं, काही फरक? तो हसला. छापील किमतीला चांगली गाडी मिळायला ती आधी दुकानात दिसली पाहिजे, म्हणाला. १९९५ पासून हॉट व्हील्सवाले पेटीत मधूनच एखादी 'ट्रेझर हंट' टाकतात, वेगळा रंग, कुठं बारीकशी खूण. पेटी फोडणाऱ्यालाच ती आधी दिसते. मांडणीवर येईपर्यंत ती गाडी एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिप्पट भावाला लागलेली असते. आमच्या वेळी ह्याला सिनेमाच्या तिकिटाचा ब्लॅक म्हणायचे आणि तो करणाऱ्यांना पोलीस पळवायचे.

लाबुबूचं तर विचारूच नका. राजारामपुरीत कॉलेजच्या पोरींच्या सॅकला ती दात विचकणारी सशासारखी बाहुली लोंबताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून बांधलीय असं मला वाटलं. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग ह्या चित्रकाराची ती कल्पना. चीनच्या पॉप मार्टनं ती बंद डबीत विकायला काढली, आत कुठली निघेल ते फोडल्यावर कळणार. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी एक बाहुली १० लाख ८० हजार युआनला गेली, आपले सव्वा कोटींच्या घरात. हिच्या फरात आणि प्लास्टिकमध्ये भिंग लावून मी काय शोधणार? इथं मजुरी, डाय, जस्त असला कुठलाही हिशेब लागत नाही. इथं हाव विकली जाते आणि हावेला पार्टिंग लाइन नसते. महाद्वार रोडला त्याच बाहुलीच्या नकला टांगलेल्या असतात, दात वाकडे, एक डोळा वर एक खाली. एक आजी नातीला घेऊन देत होत्या. नात ती बाहुली गालाला लावून चालू लागली. तिला कुणीतरी सांगेल ही खोटी आहे म्हणून, शाळेतच सांगेल बहुधा.

भाच्याच्या खोलीत काचेचं कपाट आहे. मी त्याला कधी गाडी जमिनीवर चालवताना पाहिलेलं नाही, पण रात्री अभ्यास झाल्यावर तो एकेक काढून हातात धरतो, दिव्याखाली फिरवतो आणि परत ठेवतो, हे मी दारातून बघितलंय. वडील तयार पॅटर्न गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी असाच हातात फिरवायचे. त्यामुळे त्याला "पैसे उडवतोस" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते त्याची आई म्हणते, तेवढं बरं आहे. पण तोच मुलगा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर त्या गाडीचा भाव किती चढला ते बघतो तेव्हा मात्र मला ते आवडत नाही. भाव मी दिवसभर बघते. घरात कुणीतरी नुसतं वळण बघणारं असावं, असं वाटतं. हे त्याला सांगितलं तर म्हणेल, आत्ती, आधी काटा तू लावलास.

ट्रॅक्टरवाला पोरगा महिन्याभरानं परत आला. डायचा नाद सोडला होता, ट्रॅक्टरचा नाही. आता त्याला रेझिनमध्ये काढायचे होते: भावाकडून कॉम्प्युटरवर मॉडेल, थ्रीडी प्रिंटरवर एक मास्टर, त्याच्यावर सिलिकॉनचे साचे. हे साचे स्वस्त पडतात, पण काही डझन नग काढले की फाटतात, कडा बोथट होतात. कुंभार गल्लीच्या आज्जीचंच तंत्र, फक्त बाटलीतल्या रसायनाचं. म्हणून नग पन्नासच. रंगवायला कलाशाळेतली दोन पोरं ठरवली होती. ऊस भरलेला दाखवायचा की ट्रॉली रिकामी, ह्यावर आमच्या टेबलावर तासभर खल झाला. रिकामी असेल तर सोपं. भरलेली असेल तर वाढं, पाचट, वरून आवळलेला दोर, एवढं सगळं हातानं रंगवायचं. एका माणसाचा अख्खा दिवस आणि दिवसात फार तर दोन ट्रॉल्या. त्या हिशेबानं सेटची किंमत ३,००० च्या खाली येईना. भावानं सुचवलं, रिकामी काढ, निम्म्या किमतीत बसव, जास्त खपतील. पोरगा म्हणाला, रिकामी ट्रॉली घेऊन कारखान्यावरनं परत येतात तेव्हा लोक बघत पण नाहीत मालक. भरलेलीच.

मी कोटेशन टाइप केलं. मास्टर आणि साच्यांचे पैसे वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरात, आणि खाली नेहमीची अट: निम्मे ॲडव्हान्स, उरलेले माल उचलायच्या आधी. त्यानं दोन्ही ओळी बोट फिरवून वाचल्या आणि खिशातून नोटा काढल्या. मग उठता उठता म्हणाला, मॅडम, मागच्या फळकुटावरची अक्षरं आमच्या ट्रॅक्टरवर ज्यानं काढल्यात त्याच पेंटरकडनं काढून घ्यायची, तो एका सेटचे दीडशे मागतोय, ते धरलंय न्हवं तुम्ही? धरलेलं नव्हतं. मी कागद परत प्रिंटरला लावला.